विचारणापत्र क्रमांक बासष्ट

टप्प.

सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, अमेरिकेत सरोवराकाठी असलेल्या डुलूथ गावातल्या चढावरच्या एका लाकडी घरात, अ‍ॅन्सेल हाल्वरसन (वय आठ महिने) याच्या तोंडातली चोखणी पाळण्याच्या गजांमधून निसटून जमिनीवर पडली आणि घरातली शांतता तिच्या विसाव्या मिनिटाला संपली.

साहित्याला शांतता लागते, हे सत्य सर्वांना मान्य आहे. ती कोणाकडून मिळवायची, याबाबत मात्र सगळे जाणकार गप्प आहेत. अ‍ॅन्सेलची आई ब्रिटा हिने या विषयात स्वतःपुरतं संशोधन केलं असून तिचे निष्कर्ष असे: चारशे बारा पानांची कादंबरी लिहायला चौदा महिन्यांच्या दुपारच्या झोपा पुरतात (झोप मुलाने घ्यायची असते). आणि अशी कादंबरी आपण लिहिली आहे, हे योग्य व्यक्तीला एका पानात कळवायला तीन वर्षं पुरत नाहीत. कादंबरी तिने थोरल्या टिल्डाच्या झोपांवर पूर्ण केली. टिल्डा आता पाच वर्षांची असून तिने दुपारी झोपणं तत्त्वतः बंद केलं आहे. पत्राचं काम त्यामुळे धाकट्याच्या झोपांवर चालू आहे. दुसरं मूल का हवं याची लोक अनेक कारणं सांगतात. हे कारण सहसा कोणी सांगत नाही.

ब्रिटाने चोखणी उचलली, पदार्थ चाखावा तशी स्वतःच्या तोंडात घालून स्वच्छ केली आणि पाळण्यात परत दिली. तेवढ्यात फोन वाजला. तो कोणाचा होता हे सांगण्याआधी पद्धत समजून घेणं आवश्यक आहे. पद्धत समजल्याशिवाय या क्षेत्रात कोणी कोणाला काही सांगत नाही.

पद्धत अशी. लेखकाने प्रकाशकाकडे थेट जायचं नसतं. मध्ये एजंट असतो. प्रकाशकाला वाचायला वेळ नसल्यामुळे त्याच्या वतीने एजंट वाचतो. एजंटलाही वेळ नसल्यामुळे त्याच्या वतीने त्याची मदतनीस वाचते. मदतनीस बाईला पुस्तक वाचण्याइतका वेळ असता तर ती मदतनीस राहिली नसती, म्हणून ती फक्त पत्र वाचते. या पत्राला विचारणापत्र म्हणतात. पत्राच्या पहिल्या तीन ओळींत मन बसलं नाही तर चौथी वाचली जात नाही. अशा रीतीने लेखक सोडून सर्वांची वाचनापासून सुटका करणारी ही व्यवस्था उभी राहिली आहे. ती इतकी सुरळीत चालते की पुस्तक हा त्यातला एकमेव अडथळा आहे, असं जाणकार सांगतात.

ब्रिटाचा अडथळा ‘विस्तव’ या नावाचा होता. तिच्या आजीची बहीण आल्व्हा सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर मासळीला धूर द्यायचं खोपट चालवायची. एका फेब्रुवारीत समोरच्या बेटावरचा दिवा विझला. तो दिवा कोणी तरी रोज लावत होतं. आल्व्हा त्या माणसाशी कधी बोलली नव्हती, पण बारा वर्षं रोज संध्याकाळी तिने तो पाहिला होता. तिने खोपटातल्या चुलीतले निखारे बादलीत भरले, वर राख लोटली आणि गोठलेल्या सरोवरावरून चालायला लागली. घरात ही गोष्ट एवढीच सांगितली जात असे. पुढचं ब्रिटाने लिहिलं. तिला फार काही नको होतं. हाल्वरसन आडनाव नसलेल्या एका तरी माणसाने आल्व्हाला बर्फावरून चालताना पाहावं, एवढंच.

(हाल्वरसन आडनावाच्या माणसांपैकी तिचा नवरा वेंडेल याने कादंबरी वाचायला घेतली आहे. तो सरकारी बर्फ सारायची गाडी चालवतो. नवरा म्हणून तो उत्तम आहे. वाचक म्हणून अडतिसाव्या पानावर आहे. तिथे तो गेले तीन हिवाळे आहे.)

विचारणापत्राचं शास्त्र ब्रिटाला डोरीनबाईंनी शिकवलं. डोरीनबाई गावच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या असून दर मंगळवारी चर्चच्या तळघरात लेखक मंडळ भरवतात. मंडळात पाच सभासद, कॉफीचं एक मोठं भांडं आणि लिंबाच्या वड्या असतात. पूर्वी मंडळात कथा-कादंबऱ्यांची प्रकरणं वाचली जात. पाच वर्षांपूर्वी डोरीनबाईंनी ती प्रथा बंद केली.

“पुस्तकं काय, सगळ्यांकडेच असतात,” त्या म्हणाल्या. “पत्रं काढा.”

त्यांच्याकडे बारा नियमांची यादी आहे. सगळे नियम इथे देणं शक्य नाही. परंतु होतकरू लेखकांना उपयोग व्हावा म्हणून मुख्य मुख्य देत आहोत.

पत्रात आपल्या पुस्तकासारख्या दोन पुस्तकांची नावं द्यावीत. ती तीन वर्षांहून जुनी नसावीत, फार खपलेली नसावीत आणि न खपलेलीही नसावीत. आपलं पुस्तक या दोन्हींसारखं असून कशासारखंच नाही, असं लिहावं.

एजंटची आवडनिवड अभ्यासावी आणि ती आपलीच असल्याचं सहज दाखवावं. (ब्रिटाच्या वहीत साठेक एजंटांची माहिती आहे. त्यांपैकी अकरा जणांना बकऱ्या आवडतात. हा आकडा लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे, पण त्याचं कारण सापडलेलं नाही.)

ऑगस्टमध्ये पत्र पाठवू नये, सगळे सुट्टीवर असतात. सप्टेंबरात पाठवू नये, सगळे सुट्टीवरून आलेले असतात. नोव्हेंबरातल्या सणाच्या टर्कीच्या मेजवानीपासून नव्या वर्षापर्यंत धंदा बंद असतो. सोमवारी कामाचा ढीग असतो, शुक्रवारी मन नसतं. पुस्तकांच्या जत्रांचे आठवडे वजा जाता वर्षाला सुमारे एकोणतीस दिवस उरतात आणि त्या एकोणतीस दिवसांत सगळेच पाठवत असल्याने तेव्हाही पाठवू नये.

बारा आठवडे उत्तर आलं नाही तर ‘नाही’ हेच उत्तर आहे, असं समजावं.

आणि नियम क्रमांक नऊ: पाठवलेल्या पत्रातली चूक सुधारायला दुसरं पत्र कधीही, कुठल्याही परिस्थितीत पाठवू नये.

हे सर्व पाळून ब्रिटाने एकसष्ट पत्रं पाठवली. निकाल पुढीलप्रमाणे. एकतीस ठिकाणी शांतता (जी तिला घरात कधी मिळाली नाही). तेवीस ठिकाणांहून आभार. चौघांनी एजंटगिरी सोडून मातीची भांडी करायला घेतली होती. दोघांच्या वतीने यंत्राने कळवलं की ते कायमचे बाहेरगावी आहेत. एकाने मात्र पहिली पन्नास पानं मागवली आणि कळवलं की लिखाण अप्रतिम आहे, फक्त आल्व्हा, सरोवर आणि हिवाळा एवढं काढता आलं तर बरं.

आभाराच्या तेवीसही पत्रांत एक वाक्य सारखंच होतं: ‘मी तुमच्या पुस्तकाच्या हव्या तितक्या प्रेमात पडू शकले नाही.’ आवडीनिवडी वेगवेगळ्या असतात आणि दुसऱ्या कुणाला ते नक्की आवडेल, असंही पुढे असायचं. ही भाषा अतिशय सुसंस्कृत आहे. नकार देऊन झाल्यावर त्या माणसाला आपल्या शेजाऱ्याच्या दारात नेऊन उभं करायचं, ही रीत दुसऱ्या कुठल्याही धंद्यात नाही.

“अगं, मला तुझ्या प्रेमात पडायला दोन हिवाळे लागले,” वेंडेल बूट काढता काढता म्हणाला. “आणि मी तुला रोज बघत होतो. त्यांनी पत्रावरून कसं पडायचं?”

“तू अडतिसाव्या पानावरून पुढे सरकलास का?”

“तिथे आल्व्हा बादली शोधतेय. मला घाई नको वाटते.”

घरात जी भाषा बोलली जाते ती मुलं उचलतात. एके दिवशी जेवताना टिल्डाने बशी पुढे सरकवली आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, “आई, गाजर पाठवल्याबद्दल आभार. पण मी गाजराच्या हव्या तितक्या प्रेमात नाही पडले.”

“टिल्डा, दोन तरी घास.”

“दुसऱ्या कुणाला नक्की आवडेल. अ‍ॅन्सेलला पाठवून बघ.”

अ‍ॅन्सेलने बारा आठवडे उत्तर दिलं नाही.

दरम्यान कादंबरीतही प्रगती होत होती. पत्रासोबत एका पानाचा सारांश द्यावा लागतो आणि सारांशात शेवट सांगावा लागतो. वाचकापासून लपवायचा तो शेवट एजंटला आधी सांगायचा, म्हणजे त्याला पुस्तक वाचावं लागत नाही. आता ज्या एजंटला आशादायक शेवट आवडतो त्याला आल्व्हा परत आलेली दाखवणं सोपं होतं. ज्याला मनाला चटका लावणारं हवं, त्याच्याकरता ती परत आली नाही. तिसऱ्याला कोडी आवडत. त्याच्यासाठी फक्त बादली परत आली. एकीला कौटुंबिक वाटलं पाहिजे होतं, तिच्यासाठी आल्व्हा बेटावरच राहिली आणि दिवा लावणाऱ्या माणसाशी तिने संसार मांडला. एका सारांशात ती बकरीसह परत आली. ब्रिटा प्रामाणिक असल्यामुळे सारांश बदलला की ती मागोमाग कादंबरीही बदलत असे. असे सहा शेवट झाले. जुन्या प्रतींच्या कोऱ्या बाजूंवर टिल्डा चित्रं काढी. त्या घरात कागदाची टंचाई कधीच भासली नाही, हा या व्यवस्थेचा फायदाही नोंदवायला हवा.

तीन वर्षं एकच प्रकार लिहीत राहिल्यावर हात त्याच वळणाने चालतो. ब्रिटाची इतर पत्रंही हळूहळू त्या वळणावर गेली. नळवाल्याला तिने लिहिलं की ही गळती ज्यांना मागच्या वसंतातली न्हाणीघराची गळती भावली त्यांना भावेल. नळवाला त्याच दिवशी आला. एकसष्ट एजंट आणि एक नळवाला यांच्यात साहित्याची जाण कुणाला आहे, हा प्रश्न मंडळात चर्चेला आला होता, पण लिंबाच्या वड्या आल्यामुळे तहकूब झाला.

आता मूळ घटनेकडे.

मागच्या गुरुवारची गोष्ट. त्या भागात गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप करतात. का करतात हे विचारायचं नसतं. वाटाणे आदल्या दिवशी भिजत घालायचे राहिले, म्हणून ब्रिटाने सकाळी साडेसातला ते भांड्यात काढले आणि पाणी आणायला वळली. परत वळेपर्यंत टिल्डाने त्यातला एक उजव्या नाकपुडीत घातला होता.

“का?” ब्रिटाने विचारलं.

“तिथे जागा होती,” टिल्डा म्हणाली.

वेंडेल बर्फ सारायला गेला होता. ब्रिटाने दोन्ही मुलांना चार चार थरांत गुंडाळून गाडीत घातलं आणि ती दवाखान्यात पोहोचली, तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. इथे दोन कामं एकत्र आली. एक, टिल्डाच्या बालवर्गाला नऊच्या आत गैरहजेरीचं कारण लेखी कळवायचं होतं. दुसरं, न्यूयॉर्कमधल्या सिल्व्हेन मार्चबँक्स या एजंटबाई फक्त जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी नऊ ते दहा या एका तासात, विचारणापत्रं स्वीकारतात. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे डुलूथचे आठ. ब्रिटा या तासाची पाच महिने वाट पाहत होती. तिच्या मते सिल्व्हेनबाईंना आल्व्हा कळली असती, कारण त्या एका मुलाखतीत थंडीबद्दल आपुलकीने बोलल्याचं वहीत नोंदलेलं होतं.

दोन्ही पत्रं फोनमध्ये तयार होती. दोन्ही ठिकाणी पत्र एका रिकाम्या चौकटीत चिकटवायचं होतं. अ‍ॅन्सेल मांडीवर होता आणि फोनचा एक कोपरा त्याच्या तोंडात होता. टिल्डा शेजारी बसलेल्या आजोबांना नाक दाखवत होती. अशा स्थितीत अठ्ठावन्नाव्या मिनिटाला ब्रिटाने दोन्ही पत्रं चिकटवली, दोन्ही पाठवली आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

सिल्व्हेन मार्चबँक्स यांच्याकडे गेलेलं पत्र असं होतं:

‘आदरणीय बाई, पाच वर्षांच्या टिल्डाला पक्कं माहीत होतं की वाटाणा सूपात जातो. गुरुवारी सकाळी साडेसात वाजता तिने त्याला दुसरी वाट दाखवली. आता उजवी नाकपुडी, घाबरलेली आई आणि बर्फात अडकलेला बाप यांच्यापुढे एकच प्रश्न आहे: जे आपणहून आत गेलं, ते आपणहून बाहेर येईल का? ही गैरहजेरी एका दिवसाची असून पूर्ण झालेली आहे. ज्यांना गेल्या महिन्यातलं कानातल्या मण्याचं प्रकरण आणि शरद ऋतूतलं बसमधल्या उलटीचं प्रकरण आवडलं, त्यांना हीदेखील आवडेल, मात्र ती या दोन्हींहून वेगळी आहे. मी टिल्डाची आई असून माझी चार गैरहजेरीपत्रं यापूर्वी स्वीकारली गेली आहेत. आपल्या वेळेबद्दल आभार.’

बालवर्गाकडे काय गेलं हे शुक्रवारी कळलं. टिल्डाच्या दप्तरातून तिच्या बाई मिस पेलोक्विन यांची चिठ्ठी आली.

‘आपलं पत्र मिळालं. आल्व्हा नावाची मुलगी आमच्या पटावर नाही. तरीही एखादी व्यक्ती निखाऱ्यांची बादली घेऊन गोठलेल्या सरोवरावर एकटी जात असल्याचं आमच्या नजरेस आलं तर नियमानुसार आम्हाला दखल घ्यावी लागते. सोबतचा तक्ता भरून पाठवावा.’

तक्त्यात चार रकाने होते. नाव. पायात योग्य बूट होते का. सोबत मोठं माणूस होतं का. परतीची वेळ.

ब्रिटाने पहिले तीन उभ्याउभ्या भरले: आल्व्हा, होते, तीच मोठी होती. चौथ्याशी पेन थांबलं. मग तिच्या लक्षात आलं की हे पत्र जर इथे आलं असेल, तर ते पत्र तिथे गेलं असणार. तिने तक्ता फ्रिजवर चुंबकाखाली लावला, खाली बसली आणि डोरीनबाईंना फोन केला.

“डोरीनबाई, मी त्यांना वाटाणा पाठवला.”

“कसला वाटाणा?”

“नाकातला. पाच महिने थांबले होते हो मी त्या एका तासासाठी. आता लगेच खरं पत्र पाठवून माफी मागते.”

“ब्रिटा.” डोरीनबाईंचा आवाज ग्रंथालयातला झाला. “नियम नऊ.”

“पण हे काय नावातली चूक आहे का? आख्खं पत्रच चुकलंय!”

“नावात चूक असो की आख्ख्या पत्रात, ती आपली नाही, असंच चेहऱ्यावर दिसलं पाहिजे. आता बारा आठवडे गप्प बसायचं. आणि काय गं, पत्रात तुलनीय प्रकरणं दिली होतीस?”

“दोन दिली होती.”

“तीन वर्षांच्या आतली?”

“एक गेल्या महिन्यातलं.”

“मग बाकीचं चालतं,” डोरीनबाई म्हणाल्या.

बारा आठवड्यांऐवजी चार दिवसांनी, सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी चोखणी पडली आणि फोन वाजला. आपण इथपर्यंत आलो होतो.

“ब्रिटा हाल्वरसन? मी सिल्व्हेन मार्चबँक्स. बसून घ्या. मी प्रेमात पडलेय.”

ब्रिटा पाळण्याशेजारी जमिनीवर बसली. हे वाक्य कानावर पडावं म्हणून तिने तीन वर्षं काढली होती. आपण त्यावर काय म्हणायचं हेही तिने ठरवून ठेवलं होतं, पण आता ते आठवेना.

“कुणाच्या?” ती म्हणाली.

“कुणाच्या म्हणजे? वाटाण्याच्या! ‘तिथे जागा होती’ असलं काहीतरी ती पोरगी म्हणाली असणार, हो ना?”

“अगदी तसंच म्हणाली.”

“मला माहीतच होतं. चार पत्रं आधीची आहेत म्हणता, तीही पाठवा. किती पानं झालीयेत एकूण?”

“एक दिवस झालाय.”

“सुरेख. असा रोखठोकपणा आजकाल कुठे मिळतो? तीनशे दिवस करता येतील ना?”

ब्रिटाने एक हात पाळण्याच्या गजांवर ठेवला. “बाई, माझ्याकडे एक पूर्ण कादंबरीसुद्धा आहे. खरं तर तेच पत्र तुम्हाला यायचं होतं. आल्व्हा नावाची एक बाई आहे. समोरच्या बेटावरचा दिवा विझतो, म्हणून ती निखारे घेऊन बर्फावरून—”

“बर्फ?” सिल्व्हेनबाई हळहळल्या. “अगंबाई. बर्फ गेल्या वर्षी होता. यंदा कुणी हात लावत नाहीये.”

“तुम्ही मुलाखतीत थंडीबद्दल बोलला होतात.”

“मला सर्दी झाली होती.” पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “या आल्व्हाच्या नाकात काही जातं का?”

“नाही.”

“काहीच नाही? बरं, असू दे. मी कुणाला नाराज करत नाही. तिला आपण टिल्डाची पणजी करू. साधारण दीड पान. निखाऱ्यांवर सूप उकळत ठेवेल. शोभेल तिला. गुरुवारपर्यंत कळवा. आणि हो, पद्धतीप्रमाणे बाकीच्या एजंटांनाही सांगून टाका की मी मागणी घातलीय.”

ही पद्धत फार सुंदर आहे. एकाने हो म्हटलं की बाकीच्यांना तसं कळवायचं असतं. ब्रिटाने कळवलं. त्या एकतीस मौनी एजंटांपैकी एकोणीस जण चाळीस मिनिटांत बोलते झाले. ‘वाटाण्याची वाट बघतोय,’ असं एकाने लिहिलं. मातीची भांडी करणाऱ्या चौघांपैकी दोघं परत आले. आपलं चाकावर मन लागत नाही, असं त्यांनी कळवलं.

संध्याकाळी चार वाजता वेंडेल घरी आला. बाहेर अंधारायला लागलं होतं. तिकडे जानेवारीत चारला अंधारतं. ब्रिटाने त्याला सगळं सांगितलं आणि गैरहजेरीपत्र वाचायला दिलं. त्याने ते उभ्यानेच, टोपी न काढता वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“हो म्हण,” तो म्हणाला. “मी एका दमात संपवलं बघ.”

“तू पहिल्यांदाच माझं काहीतरी संपवलंस.”

“तेच तर म्हणतोय. चांगलं असणार.”

“आणि आल्व्हा?”

वेंडेलने टोपी काढली. तो बराच वेळ टोपीवरचा बर्फ झटकत राहिला, बर्फ संपल्यावरसुद्धा. “तिला दीड पान मिळतंय की,” तो शेवटी म्हणाला. “लोकांना तेवढंसुद्धा मिळत नाही.”

हा युक्तिवाद बिनतोड होता. ब्रिटाने गुरुवारी करायचं राहिलेलं सूप ढवळायला घेतलं. तीन वर्षं ती एकसष्ट दारांत आल्व्हाला घेऊन उभी राहिली होती आणि दार उघडलं ते दुसऱ्याच कुणाला तरी. दार मात्र उघडलं होतं, हेही खरं होतं. तिला हसू येत होतं आणि वाफेमुळे डोळे पुसावेही लागत होते. दोन्ही कामं तिने एकाच बाहीने केली.

इथे वाचकांविषयी दोन शब्द. धीराने इथवर आलेल्या वाचकाला मघापासून एक गोष्ट विचारायची आहे, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. उत्तर असं: वाटाणा निघाला. गुरुवारी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, डॉक्टर हातमोजे चढवत असताना, टिल्डा शिंकली आणि वाटाणा शेजारच्या आजोबांच्या कॉफीत पडला. आजोबांची प्रकृती उत्तम आहे. आल्व्हा मात्र या गोष्टीच्या सुरुवातीपासून निखाऱ्यांची बादली घेऊन बर्फावर उभी आहे. तिच्याबद्दल आपल्यापैकी एकाचीही चौकशी आलेली नाही. त्यामुळे सिल्व्हेनबाईंना वाचकांची पारख आहे, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

टिल्डाला मात्र वाटाण्यात रस उरला नव्हता. तो प्रकार तिच्या दृष्टीने संपलेला होता आणि नाकात आता पुन्हा जागा होती. ती स्टुलावर चढून फ्रिजवरचा तक्ता बघत होती. तिला अक्षरं येऊ लागली आहेत, बोट ठेवून ती मोठ्याने वाचते. नाव, आल्व्हा. बूट, होते. मोठं माणूस, तीच. चौथ्या रकान्यावर बोट आलं आणि थांबलं.

“आई, इथे लिहायचं राहिलंय.”

“राहू दे.”

“बाई रागावतात. सगळं भरून आणायचं असतं.” तिने चुंबक सरकवून तक्ता काढला आणि रंगाच्या डब्यातली तांबडी पेन्सिल घेतली. मग तक्ता टेबलावर, सहाव्या शेवटाच्या कोऱ्या बाजूवर, सरळ करून ठेवला.

ब्रिटा पळी हातात घेऊन वळली. खिडकीबाहेर सरोवर होतं. काचेवर वाफ धरल्यामुळे त्याचं फक्त पांढरेपण दिसत होतं.

“सांग ना,” टिल्डाने पेन्सिल टेकवली. “आल्व्हा परत कधी आली?”